अनुभवनोंद, अभियंत्यांची

अनुभवनोंद, अभियंत्यांची : अभियंत्याने आपल्या व्यवसायकाळात प्रत्यक्ष केलेली कामे, त्यांत स्वतः घेतलेले निर्णय, सांभाळलेली जबाबदारी आणि औपचारिक शिक्षण संपल्यानंतर मिळविलेले ज्ञान यांची कालक्रमाने व पडताळून पाहता येईल अशा स्वरूपात ठेवलेली नोंद. पदवी किंवा पदविका यांवरून अभियंता काय शिकला ते कळते. तो काय करू शकतो हे कळण्यास अनुभवाचा पुरावा लागतो. व्यावसायिक संस्थेचे सभासदत्व, सक्षमता प्रमाणपत्र, पदोन्नती तसेच परदेशी व्यवसाय करण्यासाठी आवश्यक असलेला पात्रतानिर्णय या सर्वांत असा पुरावा मागितला जातो. भारतात बांधकामाची नोंद ठेवण्याची पद्धत दीड शतकापासून काटेकोर आहे. बांधकाम करणाऱ्याची नोंद मात्र त्या मानाने फार तुटपुंजी राहिली. या तफावतीचा इतिहास आणि तिचे परिणाम नागपूर शहराच्या उदाहरणावरून चांगले स्पष्ट होतात.

पूर्वेतिहास : अठराव्या शतकापर्यंत यूरोपात अभियंत्याची योग्यता त्याच्या गुरूच्या नावावरून आणि त्याने उभारलेल्या कामांवरून ठरत असे. लंडन येथे १८१८ मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल एंजिनिअर्स ही संस्था स्थापन झाली. १८२० मध्ये टॉमस टेलफर्ड हे तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि १८२८ मध्ये तिला राजसनद मिळाली. सभासदांनी आपल्या कामांचे वृत्तांत संस्थेपुढे मांडावेत व त्यांवरील चर्चेची टिपणे जतन करावीत, हा प्रघात या संस्थेत आरंभीच पडला. सभासदत्वासाठी उमेदवाराच्या अनुभवाची ग्वाही जुन्या सभासदांनी द्यावयाची असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परीक्षा सुरू झाल्या. परंतु अनुभवाची अट रद्द झाली नाही. परीक्षा आणि अनुभव अशी ही दुहेरी कसोटी पुढे ब्रिटिश साम्राज्यातील बहुतेक देशांत रूढ झाली. अमेरिकेत निराळा मार्ग अनुसरण्यात आला. तेथे वायोमिंग राज्याने १९०७ मध्ये अभियंत्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा केला. पाण्याच्या हक्कांसाठी येणारे नकाशे अपात्र व्यक्तींनी तयार केलेले असत, हे त्याचे तात्कालिक कारण होते. तात्पर्य, ब्रिटनमध्ये अनुभवाची पारख व्यावसायिक संस्थेकडे आली, तर अमेरिकेत ती राज्यशासनाकडे गेली.

भारतातील कामाच्या नोंदी : भारतात अभियांत्रिकी शिक्षणाचा प्रारंभ शासकीय बांधकाम खात्यांच्या गरजेतून झाला. रुडकीची संस्था १८४७ मध्ये, तर पुण्यातील अभियांत्रिकी वर्ग १८५४ मध्ये सुरू झाला. या संस्थांतून बाहेर पडणारे बहुतेक अभियंते खात्यात रुजू होत आणि खात्याच्या नोंदपद्धतीतच त्यांचा व्यवसायकाळ जाई. या पद्धतीचा कणा म्हणजे मोजमाप पुस्तिका. तिची पाने क्रमांकित असतात, एकही पान फाडता येत नाही, खाडाखोड चालत नाही. चुकीची नोंद रेघ मारून रद्द करावी लागते व तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. कनिष्ठ अभियंत्याने घेतलेल्या मोजमापांची वरिष्ठाने ठरावीक प्रमाणात फेरतपासणी करावयाची असते आणि तिच्या आधारेच ठेकेदाराचे देयक मंजूर होते. तिच्या जोडीला कामावरील आदेशवही, साहित्याच्या नोंदवह्या आणि चाचण्यांची पत्रके असतात. एखाद्या पुलाच्या पायात किती घनमीटर काँक्रीट पडले, हे अनेक दशकांनंतरही या कागदपत्रांवरून सांगता येते.

तथापि या सर्व नोंदी कामाच्या आहेत, कर्त्याच्या नव्हेत. त्यांचा मूळ हेतू सरकारी पैशाचा हिशेब राखणे हा होय. मोजमाप घेणाऱ्याची स्वाक्षरी त्यांत आढळते. परंतु पायाची खोली वाढविण्याचा निर्णय कोणी व कोणत्या कारणाने सुचविला, पर्यायी आराखडा कोणी काढला, चूक कोणाच्या ध्यानात आली, हे सहसा आढळत नाही. खात्याच्या पत्रव्यवहाराची भाषाही याला पोषक ठरली. ‘काम करण्यात आले’, ‘तपासणी करण्यात आली’, ‘मंजुरी देण्यात यावी’ अशा कर्मणी रचनांत कर्ता लोप पावतो. शिवाय ही दप्तरे खात्याच्या मालकीची असतात. बदली किंवा निवृत्ती झाली की अभियंत्याचा त्यांच्याशी संबंध संपतो.

याला अपवाद ठरलेले अभियंते थोडे आहेत. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पुणे येथे शिक्षण घेऊन १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी स्वीकारली. खडकवासला येथील धरणासाठी त्यांनी योजलेल्या स्वयंचलित दरवाजांचे एकस्व त्यांच्या नावावर असल्यामुळे त्या कल्पनेचा कर्ता कोण, याविषयी संदेह उरला नाही. १९५१ मध्ये त्यांनी आपल्या कार्यकाळाच्या आठवणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. त्यांच्या काळी खात्यात काम करणाऱ्या अनेक पर्यवेक्षकांची व दुय्यम अभियंत्यांची कामे आजही वापरात आहेत. त्यांची नावे मात्र विस्मृतीत गेली आहेत.

नागपूर व सदर : नागपूर १८६१ मध्ये मध्य प्रांताची राजधानी झाले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे तेथे पोहोचली आणि १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. रस्ते, लोहमार्ग, गिरण्या व आसमंतातील खाणी यांमुळे तांत्रिक मनुष्यबळाची गरज वाढत गेली. सिव्हिल लाइन्सलगतच्या सदर भागात मंगळवारी बाजाराजवळ असलेले शासकीय तंत्रनिकेतन हे या गरजेचे अपत्य होय. १९१४ मध्ये अभियांत्रिकी शाळा म्हणून त्याची स्थापना झाली. प्रांतात पदवीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये जबलपूर येथे, तर नागपुरात विश्वेश्वरय्यांच्या नावाचे प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये निघाले. म्हणजे जवळजवळ अर्धशतक विदर्भातील तांत्रिक शिक्षणाचा मुख्य भार सदरच्या या संस्थेने वाहिला. तेथून बाहेर पडणारा विद्यार्थी पदविकाधारक असे. कामाच्या ठिकाणी तोच प्रत्यक्ष हजर राही व मोजमाप पुस्तिकेतील नोंदी बहुधा त्याच्याच हातच्या असत. परंतु आराखड्यावर आणि अहवालावर नाव वरिष्ठाचे येई. अनुभवनोंदीचा प्रश्न या वर्गाच्या बाबतीत विशेष तीव्र होण्याचे कारण हेच होय.

अभियंत्यांनी आपला अनुभव एकत्र मांडल्याचे एक महत्त्वाचे उदाहरणही नागपूरचेच आहे. डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतांच्या व संस्थानांच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूर येथे भरली आणि तीत देशाच्या रस्तेविकासाचा पहिला वीस वर्षांचा आराखडा तयार झाला. तो ‘नागपूर योजना’ या नावाने ओळखला जातो. या योजनेलाही स्थळाचे नाव मिळाले, व्यक्तीचे नव्हे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेने व्यक्तिगत नोंदींच्या अभावाचा परिणाम ठळकपणे पुढे आणला. विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि त्यांबरोबर नागपूरकडील कर्मचाऱ्यांच्या सेवाही नव्या राज्याकडे वर्ग झाल्या. दोन राज्यांतील पदे समकक्ष ठरवून एकत्रित ज्येष्ठतासूची करणे आवश्यक होते. त्यासाठी चार कसोट्या मान्य करण्यात आल्या : पदाचे स्वरूप व कर्तव्ये, पदधारकाची जबाबदारी व अधिकार, पदासाठी विहित केलेली किमान अर्हता आणि वेतन. या कसोट्या पदाला लावण्यात आल्या होत्या. एखाद्या अभियंत्याने प्रत्यक्षात पदाहून अधिक जबाबदारीचे काम केले असले, तरी ते या मोजणीत येण्यास वाव नव्हता. ज्येष्ठतेचे तंटे पुढे अनेक वर्षे निरनिराळ्या खात्यांत चालू राहिले.

व्यावसायिक संस्था व परीक्षा : इन्स्टिट्यूशन ऑफ एंजिनिअर्स (इंडिया) ही संस्था १९२० मध्ये स्थापन झाली व १९३५ मध्ये तिला राजसनद मिळाली. तिच्या परीक्षांचे ‘अ’ व ‘ब’ असे दोन विभाग असून ते उत्तीर्ण होणाऱ्यास मिळणारी अर्हता शासकीय नोकरीसाठी पदवीशी समकक्ष मानली जाई. नोकरी सांभाळून, रात्री अभ्यास करून पदविकाधारकांना अभियंतापदाची पायरी चढण्याचा हा मुख्य मार्ग होता. नागपूर येथेही संस्थेचे स्थानिक केंद्र आहे. केंद्र शासनाच्या निर्णयानुसार ही समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदविलेल्या उमेदवारांपुरती मर्यादित झाली. परिणामी त्यानंतरच्या पदविकाधारकाला परीक्षेच्या आधारे अनुभवाची उणीव अथवा अनुभवाच्या आधारे पदवीची उणीव भरून काढणे अधिक कठीण झाले आहे.

शिकाऊ उमेदवारी व खाणी : व्यक्तीच्या अनुभवाची नोंद कायद्याने आवश्यक ठरविली, अशी क्षेत्रे भारतात थोडी आहेत. त्यांपैकी पहिले शिकाऊ उमेदवारीचे होय. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ मध्ये संमत झाला. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंते त्याच्या कक्षेत आले. प्रशिक्षणाच्या प्रगतीची नोंद मालकाने ठेवावी असे अधिनियमात म्हटले आहे, तर उमेदवाराने आपल्या रोजच्या कामाची नोंदवही ठेवावी अशी तरतूद १९९२ च्या नियमांत आहे. पदवीधर व पदविकाधारक उमेदवाराची प्रगती मालक वेळोवेळी तपासतो आणि प्रशिक्षण समाधानकारक रीत्या पुरे झाल्यावर प्रादेशिक मंडळ त्यास प्रावीण्य प्रमाणपत्र देते. अशा रीतीने लिहिणारा, तपासणारा आणि प्रमाणपत्र देणारा हे तिघे निरनिराळे राहतात. नोंदीच्या विश्वासार्हतेचे हे मर्म होय. व्यवहारात मात्र ही वही पुष्कळदा प्रशिक्षणाच्या अखेरीस एकदम लिहून काढली जाते व तपासणीची स्वाक्षरी हा उपचार ठरतो; असे झाले की वही हाती असूनही पुरावा उरत नाही. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाने २०१७ पासून लागू केलेल्या पदविका अभ्यासक्रमात सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण व त्याची दैनंदिनी यांचा समावेश केला. त्यामुळे नोंदीची सवय विद्यार्थिदशेतच लागावी अशी अपेक्षा आहे.

दुसरे क्षेत्र खाणींचे. नागपूर हे मँगॅनीज व कोळसा या दोन्ही खाणउद्योगांचे केंद्र असून मॉइल लिमिटेड (१९६२; पूर्वीचे नाव मँगॅनीज ओअर (इंडिया) लिमिटेड) व वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड (१९७५) या सार्वजनिक कंपन्यांची मुख्य कार्यालये तेथे आहेत. खाणींविषयीचा कायदा व त्याखालील विनियम यांनुसार खाणव्यवस्थापकास सक्षमता प्रमाणपत्र असावे लागते. त्याच्या परीक्षेस बसण्यासाठी खाणीतील ठरावीक काळाच्या प्रत्यक्ष कामाचा दाखला द्यावा लागतो. काम भूमिगत होते की उघड्या खाणीतले आणि ते कोणत्या स्वरूपाचे होते, यालाही महत्त्व असते. चुकीच्या दाखल्याचा परिणाम येथे इतरांच्या जिवावर बेतू शकतो, म्हणून ही सक्ती निर्माण झाली. इमारती व पूल यांच्या बाबतीतही धोका तेवढाच असला, तरी तशी देशव्यापी सक्ती झालेली नाही.

सेवापुस्तिका व गोपनीय अहवाल : शासकीय अभियंत्याची व्यक्तिगत नोंद दोन ठिकाणी राहते. सेवापुस्तिकेत नेमणूक, बदली, वेतनवाढ, रजा इत्यादींचा तपशील असतो. कामाच्या गुणवत्तेविषयी तीत फारसे काही नसते. गुणवत्तेचा निर्णय गोपनीय अहवालात होत असे आणि प्रतिकूल शेरा सोडल्यास तो संबंधितास कळविला जात नसे. सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतील एका कार्यकारी अभियंत्याची पदोन्नती यामुळेच अडली. पदोन्नतीसाठी ‘अतिशय चांगला’ हा शेरा आवश्यक होता. १९९३-९४ या वर्षीचा त्यांचा शेरा ‘चांगला’ होता आणि प्रतिकूल नसल्याने तो त्यांना कळविला गेला नव्हता. देव दत्त विरुद्ध भारत संघ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये असा निर्णय दिला की, प्रत्येक शेरा, मग तो अनुकूल असो वा प्रतिकूल, संबंधित अधिकाऱ्यास कळविला पाहिजे व त्याविरुद्ध दाद मागण्याची संधी दिली पाहिजे. २००९ मध्ये केंद्र शासनाने संपूर्ण अहवाल दाखविण्याचे आदेश काढले. अहवालाच्या प्रारंभी अधिकाऱ्याने स्वतःच्या कामाचे निवेदन द्यावयाचे असते. वर्षभराची टिपणे ज्याच्याजवळ आहेत त्यालाच ते नेमकेपणाने देता येते व शेऱ्याविरुद्ध साधार दाद मागता येते.

परदेशातील पात्रतानिर्णय : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून परदेशी जाणाऱ्या अभियंत्यांची संख्या वाढली आणि अनुभवनोंदीच्या प्रश्नाला नवे वळण मिळाले. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलिया, आयर्लंड, कॅनडा, न्यूझीलंड, ब्रिटन व अमेरिका या सहा देशांतील संस्थांनी परस्परांच्या अधिस्वीकृत अभियांत्रिकी पदव्या समतुल्य मानण्याचा करार केला. तो वॉशिंग्टन करार म्हणून ओळखला जातो. भारताच्या वतीने राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ २००७ मध्ये त्याचे तात्पुरते व जून २०१४ मध्ये पूर्ण सभासद झाले. तथापि त्याचा लाभ मंडळाने ठरावीक श्रेणीत अधिस्वीकृत केलेल्या पदव्यांनाच मिळतो. त्याआधीचे पदवीधर, अधिस्वीकृती नसलेल्या महाविद्यालयांचे पदवीधर आणि सर्व पदविकाधारक या कराराच्या बाहेर राहतात.

अशा उमेदवारांसाठी ऑस्ट्रेलियातील एंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया (स्थापना १९१९) ही संस्था सक्षमता-निवेदन मागते. त्यात कार्यानुभवाचे तीन स्वतंत्र वृत्तांत असतात. प्रत्येक वृत्तांत सु. १,००० ते २,५०० शब्दांचा, इंग्रजीत व प्रथमपुरुषी लिहावयाचा असतो. त्यातील परिच्छेदांना क्रमांक देऊन कोणत्या परिच्छेदात कोणती क्षमता दिसते याचा तक्ता जोडावा लागतो. याखेरीज पदवीनंतरच्या व्यावसायिक विकासाची सूची द्यावी लागते. तीत अभ्यासवर्ग, परिषदा, व्याख्याने, निबंधवाचन, स्वाध्याय इत्यादींचे नाव, दिनांक, कालावधी, स्थळ व आयोजक हा तपशील असतो. पदविकाधारकाचा विचार सामान्यतः सहयोगी अभियंता या वर्गात केला जातो.

भारतीय अभियंत्याला यात दोन अडचणी येतात. पहिली भाषेची. आयुष्यभर ‘करण्यात आले’ असे लिहिणाऱ्याला ‘मी गणन केले, मी हा पर्याय नाकारला’ असे लिहावे लागते. ‘आम्ही’ या शब्दाचाही परीक्षकास उपयोग नसतो. दुसरी अडचण स्मरणाची. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या प्रशिक्षणाचे दिनांक, तुळईच्या गणनात गृहीत धरलेले भार किंवा अपयशी ठरलेल्या चाचणीचे आकडे नोंदीवाचून आठवत नाहीत. या अडचणीतून पैसे घेऊन निवेदने लिहून देण्याचा धंदा वाढला. दुसऱ्याच्या निवेदनातील मजकूर आढळल्यास अर्ज फेटाळला जातो व काही काळ पुन्हा अर्ज करण्यास मनाई होऊ शकते. म्हणजे ज्याने काम खरोखर केले आहे, तोही नोंद नसल्यामुळे उसना मजकूर वापरून अपात्र ठरण्याचा संभव असतो.

नोंदीचे स्वरूप : उपयुक्त अनुभवनोंदीची काही सामान्य लक्षणे सांगता येतात. नोंद कामाच्या वेळीच, निदान त्याच आठवड्यात केलेली असावी. तीत दिनांक, स्थळ, कामाचे नाव, समोर आलेला प्रश्न, विचारात घेतलेले पर्याय, आधारभूत मानक, स्वतःचा निर्णय आणि त्याचा परिणाम एवढे मुद्दे असावेत. उदा., पुलाच्या पायाचे खोदकाम चालू असता अपेक्षित पातळीवर खडक लागला नाही, तर ती पातळी, घेतलेली चाचणी, वरिष्ठांकडे केलेली शिफारस व मिळालेला आदेश हे चार ओळींत लिहिता येते. सांघिक कामात स्वतःचा वाटा वेगळा दाखवावा. फसलेल्या प्रयत्नांचीही नोंद असावी, कारण निर्णयशक्तीची पारख त्यांवरून अधिक होते. ज्याने ते काम पाहिले आहे अशा वरिष्ठाची स्वाक्षरी ठरावीक काळाने घ्यावी. मोजमाप पुस्तिकेतील नियम, म्हणजे पान न फाडणे, खाडाखोड न करणे व दुरुस्तीवर स्वाक्षरी करणे, व्यक्तिगत नोंदवहीलाही जसेच्या तसे लागू पडतात.

या नोंदीला मर्यादाही आहेत. आराखडे, दरपत्रके व अहवाल ही मालकाची मालमत्ता असून त्यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवणे अनुचित आणि काही वेळा बेकायदेशीर असते. स्वतःच्या भूमिकेचे वर्णन करण्यास मात्र सहसा अडचण येत नाही. दुसरे असे, की चांगले लिहिणारा हा चांगला अभियंता असतोच असे नाही. म्हणून पुष्कळ संस्था लेखी निवेदनाला मुलाखतीची जोड देतात. तासांच्या संख्येवर भर दिल्यास नोंद ही केवळ हजेरी बनण्याचा धोका असतो. एंजिनिअर्स ऑस्ट्रेलियाने सनदी अभियंत्यांसाठी तीन वर्षांत १५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अट ठेवली आहे. ते तास कशात घालविले हे पाहिल्याशिवाय तिला अर्थ राहत नाही.

वकिलांसाठी १९६१ मध्ये व वास्तुविशारदांसाठी १९७२ मध्ये भारतात केंद्रीय अधिनियम झाले. अभियंत्यांच्या सर्वसाधारण नोंदणीचा असा केंद्रीय अधिनियम झालेला नाही. गुजरातने २००६ मध्ये व्यावसायिक स्थापत्य अभियंत्यांपुरता राज्य अधिनियम केला. केंद्रीय अधिनियमाच्या अभावी अनुभवाची नोंद ठेवण्याचे दायित्व भारतात मुख्यतः ज्याच्या त्याच्यावर येऊन पडते. पदवीच्या वलयापासून दूर राहिलेल्या पदविकाधारकांच्या दृष्टीने तर ती वही हाच पुष्कळदा त्यांच्या कर्तृत्वाचा एकमेव लेखी पुरावा असतो.